जन्मभराचा वस्तरा

दूध, पेपर, इस्त्री, गॅस, कामवाल्या बाई या सगळ्यांचा हिशेब घरोघरी ठेवला जातो. दाढीचा कोणी ठेवत नाही. खर्च किरकोळ, रोजचा आणि तोही बंद दाराआड होणारा, त्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आमच्या भावोजींच्या आला. भावोजी बँकेतून निवृत्त झाले असले तरी ताळेबंदातून झालेले नाहीत. एका सकाळी पाच पात्यांच्या रेझरचं डोकं चिमटीत धरून ते न्हाणीघरातून बाहेर आले आणि ताईला म्हणाले, "हे एवढंसं केवढ्याला पडतं, कल्पना आहे?"

ताईनं कल्पना नसल्याचं सांगितलं. असती तरी तिनं हेच सांगितलं असतं. कल्पना आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच समजलं होतं.

मग कॅल्क्युलेटर आला. एका डोक्यात किती दाढ्या, वर्षाला किती डोकी, दरसाल भाववाढ किती, आणि आपण अजून पंचवीस वर्षं जगणार ही एक नम्र अपेक्षा. बेरीज झाली तेव्हा तिच्यात एक बऱ्यापैकी स्कूटर बसत होती.

"वस्तरा," भावोजी म्हणाले. "एकदाच घ्यायचा. जन्मभर पुरतो."

"मग पंचविशीत घ्यायचा होता," ताई म्हणाली. "आता घेऊन निम्माही वसूल व्हायचा नाही."

मराठी मध्यमवर्गाचं दिवाळं चैनीनं कधी निघालेलं नाही. चैन करताना आपण दहादा विचार करतो, चारचौघांना विचारतो आणि शेवटी करत नाही. आपण बुडतो ते काटकसरीत. जन्मभर पुरेल असा मिक्सर, नातवंडांनाही पुरेल असा सागवानी पलंग, पुन्हा कधी बघावं लागणार नाही असं वॉटरप्रूफिंग, या सगळ्यांची बिलं आपण छाती पुढं काढून भरतो, कारण तो खर्च नसतो, ती बचत असते. वस्तरा हा या घराण्यातला सगळ्यात देखणा पुरुष.

या प्रकरणात खलनायक कोण, याबद्दल भावोजींच्या मनात शंका नाही. किंग कॅम्प जिलेट. १९०३ साली त्याचा रेझर विक्रीला आला, तेव्हा त्या वर्षात एकूण ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. आपल्याकडचा कोणीही एवढ्यावर दुकानाचं शटर ओढून पोळी-भाजी केंद्र काढता. जिलेट टिकून राहिला. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी पस्तीस लाखांच्या आसपास रेझर आणि तीन कोटींहून जास्त पाती घेतली, आणि पोरं घरी परतली ती स्वतःची दाढी स्वतः, रोज करायची सवय लावून घेऊनच. टिकणारी वस्तू विकण्यापेक्षा फेकायची वस्तू विकण्यात पैसा आहे, हे जिलेटला कळलं होतं. "आमच्या बँकेत असता तर जनरल मॅनेजर झाला असता," भावोजी म्हणतात. हे कौतुक नाही. त्यांचं आणि जनरल मॅनेजरांचं कधी पटलं नाही.

स्वतःच्या हातानं वस्तरा चालवायची हौस मात्र जिलेटच्या आधीची आहे. ज्यां-जाक पेरे नावाच्या पॅरिसमधल्या एका सुरी-चाकूवाल्यानं १७६९च्या सुमारास यावर आख्खं पुस्तक लिहिलं: आपली दाढी आपणच करायला कसं शिकावं. न्हाव्याला दिले जाणारे पैसे वाचणार, हे ओघानंच आलं. वाचलेल्या पैशांचं काय करावं हे वाचकाला आपोआप सुचत असणार, कारण लेखकमहाशय वस्तरे बनवत. पातं किती खोल जावं यावर लाकडी आड लावून त्यानं एक बिनधोक वस्तराही काढला होता. म्हणजे घाबरट माणसाचा वस्तरा हा जिलेटपेक्षा सव्वाशे-दीडशे वर्षांनी जुना.

आपल्या गावगाड्यात हा प्रश्नच नव्हता. न्हावी बारा बलुतेदारांतला एक. दर दाढीला पैसे नाहीत. वर्षभर साऱ्या घराची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. आजच्या भाषेत वार्षिक प्लॅन, अमर्याद दाढ्या. भावोजींना ही योजना फार पसंत पडली. न्हाव्याच्या बाजूनं तिचा हिशेब काय पडत असेल, तो मात्र त्यांच्या कॅल्क्युलेटरवर आला नाही. गावाच्या वहीतही तो फारसा कधी आला नसावा.

तर वस्तरा घ्यायचा ठरला. जर्मनीतल्या झोलिंगेन गावचा नवा कोरा वस्तरा पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो असं कळल्यावर भावोजींनी पाणी मागितलं. दुसरीकडे दोन-तीनशे रुपयांत चकचकीत नवे वस्तरेही मिळतात, पण त्यांचं पोलाद असं की त्यांच्यावर धार बसत नाही आणि बसलीच तर उठून जाते. ही वस्तू फक्त फोटोत दाढी करते. तेव्हा तिसरा मार्ग: जुना, चांगल्या जातीचा, कोणाच्या तरी आजोबांचा.

पुण्यात यासाठी जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी. तिथं पितळी नळ, बिनकाट्यांची घड्याळं, एका पायाचे बूट आणि कुलपांशिवायच्या किल्ल्या यांच्यामध्ये कधीतरी वस्तरा निघतो. विक्रेत्याच्या लेखी प्रत्येक वस्तरा जर्मन असतो. गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की तो इंग्लिश होतो. भावोजी अभ्यास करून गेले होते. पात्याच्या दांड्यावर काय कोरलंय ते त्यांनी भिंगातून वाचलं. अमेरिकेनं १८९०च्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, त्यामुळे देशाचं नाव असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. हे त्यांनी विक्रेत्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माहिती मिळाली म्हणून भाव शंभरानं वाढवला.

खरं बघायचं असतं ते वेगळंच. धारेवर गंजाचे खड्डे आहेत का? पाठीवरचा गंज चालतो, धारेवरचा नाही. खड्डा दगडावर उघडा पडला की तिथं धारेला दात येतात. पातं सपाट ठेवलं तर सगळीकडून टेकतं का? आधीच्या मालकानं एकाच बाजूला घासून धार पोटाशी आत तर गेलेली नाही? भेग नाही ना? मूठ तुटकी असली तर असू दे, दाढी मुठीनं करायची नसते. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, आणि नवशिक्यासाठी पाच किंवा सहा अष्टमांश बरी. बाराशेपासून सुरू झालेला सौदा अडीचशेवर मिटला. शेफील्डचा वस्तरा. भावोजी त्या दिवशी रिक्षानं घरी आले, यावरून त्यांची मनःस्थिती ओळखावी.

इथून पुढं मसाला सुरू होतो. चार आण्याची कोंबडी झाली. आता बारा आण्यांचा.

वस्तरा विकत मिळतो, धार मिळत नाही. त्यासाठी निसणा, म्हणजे धार लावायचा दगड लागतो, आणि एक पुरत नाही. हजाराच्या दगडावर धार घडते, चार हजाराच्यावर ती सुधारते, आठ किंवा बारा हजाराच्यावर ती माणसाच्या गालाला लावण्यालायक होते. हे आकडे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचे. पण किंमतही साधारण त्याच अंगानं चढते. बेल्जियमच्या खाणीतला पिवळट नैसर्गिक दगड तर असा की तो निसण्याऐवजी सराफाकडं ठेवावा. भावोजींनी दगडांची बेरीज केली, वस्तऱ्याच्या अडीचशेशी तिचं गुणोत्तर काढलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

सुदैवानं गरिबाचा मार्ग आहे, आणि तो चांगला आहे. जाड काचेचा तुकडा, काचवाल्याकडं कडा घासून घेतलेला. त्यावर पाणी शिंपडून चिकटवायचे बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी एका मायक्रॉनपर्यंतची लॅपिंग फिल्म. काच सपाट असते, आणि वस्तऱ्याला सपाटीशिवाय काही नको असतं. कारण त्याची घडण मोठी शहाणी आहे. पाठ जाड, धार बारीक. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून घासायचं, म्हणजे कोन आपसूक पडतो. सुरीला धार लावणाऱ्याला तो कोन हातानं सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तो जन्मतः मिळालेला असतो. दगडावर धार पुढं ठेवून घासायचं, पट्ट्यावर पाठ पुढं ठेवून ओढायचं. पट्ट्यावर हे उलटं केलं की पट्ट्याचे दोन पट्टे होतात.

पट्टा म्हणजे चामड्याचा. ब्रँडेड पट्ट्याची किंमत बघून भावोजींनी कोल्हापूरच्या एका चपलाकाराकडून चामडं आणवलं. त्यानं फोनवर विचारलं, "तळाला हवंय की अंगठ्याला?" "दाढीला," भावोजी म्हणाले. पलीकडं जरा शांतता पसरली. पण चामडं आलं ते उत्तम. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं, कोरडं, गुळगुळीत. त्याच्यामागं दुसऱ्या पट्टीला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड. रोज दाढीआधी चाळीस-पन्नास फेऱ्या, वळताना पाठीवरून लोळवत. पंख्याच्या खाली दाराच्या कडीला पट्टा अडकवून भावोजी हे करू लागले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?"

धार आली की नाही हे बघायची जुनी रीत आहे: लोंबता केस पात्याला टेकवायचा, तो न ओढता तुटला पाहिजे. अडचण अशी की भावोजींच्या डोक्यावर या शास्त्रासाठी काही शिल्लक नाही. मग ताईचा कंगवा. रोज सकाळी कंगव्यातला केस काढून त्याची मोजदाद होऊ लागली. "एवढी वर्षं माझे केस गळतात म्हणून सांगत होते, तेव्हा वर बघितलं नाही," ताई म्हणाली. आता मात्र कमी केस गळले की चौकशी होते. दुसरी परीक्षा हातावरची लव. परीक्षा इतक्या वेळा झाली की एका मुंजीत भावोजी भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आले होते.

आता आधी कशावर तरी हात बसवायला हवा. सलूनमध्ये शिकाऊ पोरांना फुग्यावर फेस लावून वस्तरा फिरवायला देतात, फुगा न फुटता फेस निघाला पाहिजे. नातवाच्या वाढदिवसाचे फुगे उरले होते. पहिला फुटला तेव्हा फेस छताला लागला. दुसरा फुटला तेव्हा तो भावोजींच्या वडिलांच्या तसबिरीला लागला. नेमका हनुवटीवर, त्यामुळे आजोबा दाढीला बसल्यासारखे दिसू लागले. नातवानं टाळ्या वाजवल्या. पुढचे फुगे त्यानंच आणून दिले.

प्रत्यक्ष दाढीबद्दल खरा सल्ला फार छोटा आहे आणि तो ऐकायची कोणाची तयारी नसते. पहिले कितीतरी दिवस फक्त गाल. कानाखालच्या कल्ल्यापासून जबड्यापर्यंत, केसांच्या दिशेनं, पातं गालाशी साधारण तीस अंशांत, दुसऱ्या हातानं कातडी ताणून. उरलेली दाढी नेहमीच्या रेझरनं. हनुवटी नंतर. गळ्याची घाटी त्याहून नंतर. उलटा हात तर मागाहून, आणि मिशीखालची पन्हळ ज्याची त्याची श्रद्धा. कोन उभा झाला की पातं खरवडतं, आडवा झाला की केस ओढतं, आणि पातं कधीही धारेच्या अंगाला, सुरीसारखं, सरकवायचं नसतं. दाब द्यायचाच नाही. वजन वस्तऱ्याचं, हात फक्त दिशेला. उजव्या गालाला उजवा हात, डाव्या गालाला डावा. इथं बँकेचे लोक कमी पडतात. सही आयुष्यभर उजव्या हातानं केलेली असते.

भावोजींनी हे सगळं पाळलं, हे सांगितलं पाहिजे. तुरटी जवळ ठेवली. फेस गोल साबणाचा, ब्रशनं केला. घरातल्या सगळ्यांना बाहेर उभं केलं. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग चांगल्या धारेचा तो खसखस आवाज आला, आणि भावोजी बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा गाल खरोखर सुंदर होता. ताईनं हात लावून बघितला. कितीतरी वर्षांनी लावला असावा, कारण दोघंही जरा गडबडले. डावा गाल पाच पात्यांनीच केलेला. पुढचा महिनाभर भावोजी फोटोला एका बाजूनंच उभे राहत.

पण खर्चाचं काय? पोलाद जुनं, कार्बनचं. पावसाळ्यात न्हाणीघरात ठेवलं की चोवीस तासांत तांबेरा धरतं. पुसून, वाळवून तेल लावावं लागतं. त्यासाठी जपानी कॅमेलियाचं तेल मिळतं, किंवा ताईच्या शिलाई मशीनच्या बुधलीतलं. कोणतं वापरलं गेलं हे सांगायला नको. मशीन आता कुरकुरतं. शिवाय वेळ. कोरडी मोजदाद केली तर पाच मिनिटांची दाढी पट्टा, गरम पाणी, फेस, पुसणं, तेल धरून अर्ध्या-पाऊण तासावर गेली. निवृत्त माणसाच्या तासाला बाजारभाव नसतो, म्हणून वही जुळली.

आणि या सगळ्यात स्वस्त वाट डोळ्यांसमोर होती, ती कोणाला दिसत नव्हती. सलूनमध्ये आज जो वस्तरा चालतो तो धारेचा नाहीच. तो नुसता दांडा आहे, शंभर-दीडशे रुपयांचा. दोन रुपयांचं ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, एक अर्धं त्यात सरकवायचं. एक ब्लेड, दोन दाढ्या. दगड नाही, पट्टा नाही, तेल नाही. नव्वदच्या दशकात एड्सच्या भीतीनं बऱ्याच सलूनांत हा बदल झाला, आणि 'प्रत्येक गिऱ्हाइकास नवीन ब्लेड' अशा पाट्या लागल्या. बजेटवाल्यानं सुरुवात करावी ती इथूनच. फक्त एक: अर्धं ब्लेड पातळ, हलकं आणि कोपऱ्यांना फार तीक्ष्ण असतं, खऱ्या वस्तऱ्यापेक्षा चुकीला कमी माफी देतं. इतकं अवघड हत्यार आपला गल्लीतला न्हावी टीव्हीवर क्रिकेट बघत, मुलाच्या शाळेच्या फीबद्दल बोलत, आपल्या गळ्यावरून झरझर फिरवतो, आणि आपण त्याला म्हणतो, "जरा लवकर कर रे."

भावोजींनी ही वाट नाकारली. रोज ब्लेड मोडायचं म्हणजे पुन्हा जिलेटच. उलट एकदा धार बसत नव्हती तेव्हा ते शेफील्डचा वस्तरा घेऊन नेहमीच्या सलूनमध्ये गेले. तिथल्या तरुणानं तो फिरवून बघितला.

"काका, याला ब्लेड कुठून घालायचं?"

"याला घालायचं नसतं. धार लावायची. तू लावून देतोस का?"

"आम्ही कुठं धार लावतो आता? बाबा लावायचे. बाबा!"

बाबा बाकावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वस्तरा खिडकीशी धरला, अंगठ्याच्या पेरानं आडवा चाचपला आणि विचारलं, "साहेब, पेन्सिलला टोक करता का यानं?" मग उठून त्यांनी तो आपल्या तळहातावर वरखाली सटासट ओढला. भावोजींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तळहात जागेवर होता आणि वस्तरा केस तोडत होता. पैसे किती, म्हटल्यावर बाबा म्हणाले, "याचे कसले पैसे? पण दाढी करून जा, वाढलीय."

हा धंदा असा फिरला. ज्यांच्या घरात धार पिढ्यान् पिढ्या होती त्यांनी ती सोडली, कारण गिऱ्हाइकाला रोगाची भीती होती आणि ब्लेड स्वस्त होतं. आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी निसण्याला हात लावला नव्हता ते बँकवाले आणि सॉफ्टवेअरवाले सुट्टीच्या दिवशी दगड भिजत घालून बसलेत. पूर्वी यालाच हलकं काम म्हणत. आता छंद म्हणतात, आणि त्याचे दगड बेल्जियमहून येतात.

भावोजींच्या वहीत अजून तूट आहे, पण ती भरून काढायचा मार्ग अनपेक्षित दिशेनं निघाला. दगड आहेत, हात बसलाय, आणि एक वस्तरा किती वेळा घासणार? एका रविवारी त्यांनी ताईची विळी आठ हजाराच्या दगडावर घेतली. ताईनं मेथीची जुडी लावली तर जुडी, दोरा आणि खालचा वर्तमानपत्राचा कागद तिन्ही एकदम कापले गेले. बातमी सोसायटीभर गेली. आता रविवारी सकाळी जिन्यात कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते घेऊन रांग लागते, आणि भावोजी गॅलरीत पाट मांडून बसतात. दाढी तेवढी राहून जाते. दगड ओले असतात ना. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पदराखालून नारळाची खवणी घेऊन आल्या. "याला होईल का हो?"

भावोजींनी खवणीचा एकेक दात भिंगातून बघितला. वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला.

"होईल," ते म्हणाले. "वाटणासाठी हवीय की सोलकढीसाठी?"